शिवेच्या आत चाकाला हात

पहाटे साडेपाचला कोल्हापुरातून निघताना आमच्या ह्यांनी गाडीत चढण्याआधी चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, "अहो, देऊळ अजून पावणेदोनशे किलोमीटर लांब आहे." तर म्हणाले, "गालिचा बदामी रंगाचा आहे गं, डाग पडेल." आणि खरोखरच दोन्ही चपला मांडीवर घेऊन बसले. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर चपला. असा सहप्रवासी घेऊन मी माझ्या नव्याकोऱ्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास सुरू केला.

गाडीचं नाव सांगत नाही. फुकट जाहिरात करायला मी काही त्या कंपनीची सून नाही. एवढंच सांगते की ती उंच आहे, रुंद आहे, शिंपल्याच्या आतल्या भागासारखा तिचा रंग आहे, आणि आमच्या गल्लीत वळली की शेजारची चार घरं दारात येतात. शाळेचे गणवेश शिवण्याचा माझा कारखाना तीस वर्षं चालवून मी यंदा तो सुनेच्या हाती दिला. सगळ्यांना वाटलं, आता ही काशीयात्रेला जाणार. मी गाडीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने विचारलं, "आजी, सरांसाठी बघताय का?" मी म्हटलं, "सरांना मागच्या सीटवर पाय लांब करता आले पाहिजेत. चालवायला कशी आहे ते मला सांग."

चालवायला मी एकसष्टाव्या वर्षी शिकले. सहा वर्षं झाली. कोल्हापूर, सांगली, एकदा थेट पुणे, कुठेच अडले नाही. अडते ती एकाच ठिकाणी, आणि हा सगळा प्रवास त्याच ठिकाणाकडे चालला होता.

ह्यांचं गाव मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठी. तिथे नवीन काहीही घेतलं, होडी असो, मोटर असो, पिठाची गिरणी असो, की ते ग्रामदेव रवळनाथाच्या पायाशी नेऊन त्याचं गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. गावाचा मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात देवाला सगळी हकीकत सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा सगळ्यांच्या तोंडून ते "व्हय" निघालं की ठरलं. कागदावर सही करून मोडणारी माणसं मी पाहिली आहेत, गाऱ्हाणं मोडणारा त्या गावात पाहिला नाही.

तर चाळीस वर्षांपूर्वी त्याच देवळात माझ्याबद्दल एक गाऱ्हाणं पडलेलं आहे. शिवेच्या आत मी गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी ते पाळलं. गेल्या सहा वर्षांतही शिवेवरच्या आंब्याखाली गाडी थांबवायची, उतरायचं, आणि तिथून पुढे चाक ह्यांच्या हाती द्यायचं. पण यंदा ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायला बंदी केली. थांबायला हे तयार नाहीत. गाऱ्हाण्याशिवाय नव्या गाडीचा महिना उलटू द्यायचा नाही, हा ह्यांचा हट्ट. शेवटी असं ठरलं की गावातल्या चुलत दिराचा, म्हणजे आबाभावजींचा जावई शिवेवर येईल आणि गाडी आत नेईल.

माझी गाडी. आबाभावजींचा जावई. टेंपोवाला. ठरलं म्हणे.

आजऱ्यापर्यंत रस्ता मोकळा होता आणि मी गाडीची ओळख करून घेत होते. सीटमधून गार वारा येतो, ही गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर मी कारखाना पाच वर्षं आधी सोडला असता. पाठ चेपून देण्याचंही बटण आहे. ह्यांनी ते गडहिंग्लजला दाबलं आणि आजऱ्यापर्यंत "आई गं, आई गं" करत आले. काचेचा मोठा पडदा आहे, त्यात घार वरून बघते तशी आपली गाडी दिसते. गाडीतली एक बाई आपलं बोलणंही ऐकते. हिंदीत सांगितलं की काच खाली करते, मराठीत सांगितलं की माफी मागते. दोष सांगायचे तर दोन. एक, सगळी बटणं पडद्यात गेल्यामुळे साधा वारा कमी करायलाही चष्मा लावावा लागतो. दुसरा दोष रुंदीचा, तो पुढे येईलच.

आंबोलीत धुकं होतं. भाताची कापणी सुरू झाली तरी आंबोलीचं धुकं उठत नाही. एका टपरीवर चहा आणि कांदाभजी घेतली. टपरीवाल्या बाईने गाडीला एक फेरी मारली आणि मला विचारलं, "ही तूच चलवलंस?"

"मीच."

"आनी ह्ये?" तिने काळ्या चष्म्याकडे बोट केलं.

"ह्ये भजी खातात."

ती एवढी हसली की तिने दोन भजी जास्त टाकली. ती मात्र आमच्या पोटात गेली नाहीत. ह्यांना छताची काच उघडून धुकं आत घ्यायची हौस आली. काच सरकली, धुक्याबरोबर एक केसाळ हात आत आला आणि कागदाच्या पुडीसकट भजी घेऊन गेला. वर टपावर बसून माकडाने ती निवांत खाल्ली. गाडीतल्या पडद्यावर आम्ही ते घारीच्या नजरेने बघत बसलो. माकडाने तेलकट हात कुठे पुसले, ते सांगायला नको.

आता घाट उतरता उतरता ती चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

मी सव्वीस वर्षांची होते. घाटावरची, शिकलेली, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. गावात सासरच्यांची एक जुनी जीप होती. ह्यांनी मला अंगणात दोनदा पुढेमागे करायला शिकवली आणि मी समजले की मला गाडी येते. एका दुपारी जाऊबाई म्हणाल्या, "वयनी, तुमका खरांच येता?" झालं. नायलॉनची फुलाफुलांची साडी, उंच टाचांच्या सॅण्डल आणि तोंड झाकेल एवढा मोठा गॉगल चढवून मी जीप बाहेर काढली. देवळाकडून शिवेकडे येणारी एकच पाणंद. दोन्ही बाजूंना गडगे (दगडांच्या रचीव भिंती) आणि मध्ये व्हाळावर (ओढ्यावर) एक साकव, म्हणजे छोटासा पूल. त्या काळी तो माडाच्या खोडांचा होता. साकवावर पोचले आणि समोरून आली एक म्हैस. म्हशीला मागे जाता येत नाही, आणि मलाही येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी दांडा ओढला, पाय सोडला, आणि जीप तिरकी होत होत सरळ व्हाळात बसली.

पाणी कमरेएवढंच होतं. पण गाव धावत आलं तेव्हा मी जीपमध्ये ताठ बसून दोन्ही हातांनी सॅण्डल डोक्यावर धरल्या होत्या. नव्या होत्या ना! गॉगल डोळ्यांवर तसाच. लोक म्हणतात, मी वर बघून विचारलं, "म्हशीला लागलं नाही ना?" मला आठवत नाही. तसं म्हणण्याइतकी मी मूर्ख होते, हे मात्र मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या काकांनी, देवळात गाऱ्हाणं घातलं. ते गावाचे मानकरी. त्यातला मला आठवणारा भाग असा: "ह्या घाटावरच्या चेडवाक (मुलीला) चाकापासून लांब ठेव रे म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

तेव्हापासून जो विचारील त्याला मी सांगत आले. मी काय, चालवली असती हो. पण सासरचे! पण देव!

घाट उतरून सावंतवाडीमार्गे महामार्गाला लागलो. तिथे गाडीने नवीन खोड काढली. पांढऱ्या पट्ट्यावर जरा चाक गेलं की हातातलं चाक थरथरतं. हे म्हणाले, "अगं, तुझे हात थरथरतायत."

"हात नाही, चाक."

"गाव जवळ आलं म्हणून असेल."

कुडाळवरून मालवणला जाताना आमच्या गावचा फाटा आधी लागतो. मी तो बघितला, आणि सरळ पुढे गेले. हे काही बोलायच्या आत म्हटलं, "मालवणला आलोच आहोत तर ताजे मासे घेऊन जाऊ. रिकाम्या हाताने जायचं का?" नवरा डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला असला तरी नवराच असतो. म्हणाले, "शीव चुकवतेस ना?"

मालवणच्या किनाऱ्यावर रापण नुकती ओढून झाली होती. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं ते मोठं जाळं वाळूत पसरलं होतं आणि बांगड्यांचे ढीग ऊन खात पडले होते. समोर पाण्यात किल्ल्याचा काळा तट, भोवती पर्यटकांच्या होड्या. मी गाडी माडांच्या सावलीत उभी केली. टोपली घेऊन बसलेल्या एका मासेवालीने मला चाकावरून उतरताना पाहिलं, मग ह्यांना पाहिलं, आणि थेट ह्यांनाच म्हणाली, "सायबानु, ड्रायव्हरीण बरी गावली तुमका!"

हे गोंधळले. मी लगेच कमरेत वाकून म्हटलं, "सुट्टी देत नाहीत हो साहेब. चाळीस वर्षं झाली."

"शिरा पडो! चाळीस वर्सां?" तिने ह्यांच्याकडे असं बघितलं की ते चष्मा काढायला निघाले. "म्हाताऱ्या बायलेक एक दीस आराम नाय? ह्या वयात गाडी चलवक लावतास?"

"अहो, बायको आहे माझी!" हे ओरडले.

मासेवाली थांबली. मग आधी हळू आणि मग टोपली हलेपर्यंत हसली. "मगे बरोबर. बायलेक कोण सुट्टी देता?" बांगडे निवडून देताना तिने मला खालच्या आवाजात विचारलं, "गो, भय नाय वाटना?"

"रस्त्याचं नाही वाटत."

"मगे कसला?"

मी म्हटलं, बांगडे पिशवीत घाल. तिने दोन पिशव्यांत बांधून दिले. ह्या गाडीच्या डिकीखाली हवेत लाथ मारली की ती आपोआप उघडते. मी दिमाखाने लाथ मारली. उघडली नाही. पुन्हा मारली. नाहीच. तिसऱ्या लाथेला चप्पल उडून वाळूत पडली आणि मग डिकी डौलात वर गेली. मासेवाली म्हणाली, "असली गाडी नको गो बाये. माझो घोवच (नवराच) बरो, हाक मारल्यार उठता तरी."

एका घरगुती खानावळीत जेवलो. सुरमईचं कालवण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तांदळाची भाकरी आणि सोलकढीचे दोन दोन पेले. एरवी मी अशा जेवणावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी चव लागली नाही असं नाही, पण प्रत्येक घासामागे आंब्याचं झाड दिसत होतं.

चार वाजता शिवेवर पोचलो. आंब्याखाली मी गाडी उभी केली, बंद केली आणि किल्ली हातात घेऊन खाली उतरले. समोर पाणंद सुरू होत होती, लाल माती, वर करवंदीच्या जाळ्या. आबाभावजी एकटेच चालत येताना दिसले. पंचा खांद्यावर, पायात काही नाही. हे तात्यांचे चिरंजीव, आता गावाचे मानकरी. त्या दिवशी व्हाळात उतरून मला हात देणारे तेच, तेव्हा वीस वर्षांचे होते.

"इल्यात?" त्यांनी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. "वयनी, ही गाडी काय घर?"

"जावई कुठे आहेत?" मी विचारलं.

"तो गेलो कणकवलेक. टेंपोचा भाडा गावला तेका. आता उद्या येतलो."

म्हणजे गाडी रात्रभर आंब्याखाली. देवळात सकाळी आठला गाऱ्हाणं ठरलेलं. हे म्हणाले, "मी नेतो हळूहळू, चारशे पावलं तर आहेत." मी म्हटलं, तुम्हाला आत्ता म्हैस आणि देऊळ यातला फरक दिसत नाही.

आबाभावजींनी माझ्याकडे बघितलं. "मगे तुमीच न्हेवा."

"भावजी, गाऱ्हाणं आहे."

"खंयचा?"

"खंयचा काय! तात्यांनी घातलेलं. तुम्ही बाजूला उभे होतात. चाकापासून लांब ठेव म्हणून."

भावजींनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. "वयनी, बापाशीचा गाऱ्हाना माका तोंडपाठ आसा. तेच्याकडसूनच मी शिकलंय. आयका." आणि तिथेच, आंब्याखाली, डोळे मिटून त्यांनी तात्यांच्या आवाजात म्हटलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या घाटावरच्या चेडवाक आज तू व्हाळातसून वाचवलंस. आता हेचो हात बसासर (बसेपर्यंत) हेका चाकापासून लांब ठेव रे म्हाराजा!"

हे सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मग थबकले. "हात बसेपर्यंत?"

"हात बसासर," भावजी म्हणाले. "बापूस कित्याक (कशाला) कायमचा सांगीत? आमच्या बापाशीक सुना काय कमी आवडत होत्यो?"

हे माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यातून नजर दिसत नव्हती, पण लागत होती. "तुला माहीत होतं?"

वाचकहो, इथे मी खोटं बोलू शकले असते. गडबडीत ऐकलं नाही, तेव्हा मालवणी समजत नव्हतं, असं काहीही. पण मी लग्नाला तीन वर्षं झालेली, मालवणीत भांडण्याइतकी तयार झालेली सून होते. ते दोन शब्द मी ऐकले होते, चांगले ऐकले होते. आणि त्या दिवशी देवळात सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" माझाच होता, कारण ह्या जन्मात पुन्हा त्या पाणंदीत गाडी घालायची नव्हती. नंतर मी ते दोन शब्द गाळून टाकले. उरलेलं वाक्य चाळीस वर्षं वापरलं. बिचारे तात्या माझ्या माहेरी खाष्ट म्हणून प्रसिद्ध झाले.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"मगे आता हात बसलो की नाय?" भावजींनी विचारलं.

"ते कोण ठरवणार?"

"देव ठरवतलो. मी आपलो फुडे बसतंय." आणि ते पुढचं दार उघडून बसलेसुद्धा. हे मागे गेले. मी गाडी सुरू केली. सुरू करताच गाडी टुंग टुंग करायला लागली.

"ही कित्याक रडता?"

"तुम्ही पट्टा लावला नाहीत म्हणून."

"माका बांधतंस गो बाये?" भावजी गाडीला म्हणाले. गाडीतल्या बाईने हिंदीत माफी मागितली, पण टुंग टुंग थांबवली नाही. शेवटी मानकऱ्यांनी पट्टा लावून घेतला आणि मी शीव ओलांडली.

पाणंद माझ्या आठवणीपेक्षा अरुंद होती. गाडी कंपनीच्या कागदावर असते त्यापेक्षा रुंद होती. दोन्ही गडग्यांना हात लावून जाता आलं असतं. साकव आता सिमेंटचा झालाय, पण कठडा अजून नाही. अलीकडे उतारावर पाणी साचलेलं, त्यातून जाताना लाल चिखल उडाला. साकवावरून गाडी पार केली तेव्हा मी श्वास सोडला. पलीकडचा चढ चढले, वळण घेतलं, आणि समोर चिऱ्यांचा ट्रक. जांभ्या दगडाचे चिरे वरपर्यंत भरलेले, उताराला लागलेला.

ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "आजये, पाठी घे! माका भरलेल्या गाडयेन चढाक जावचा नाय!"

खरं होतं ते. भरलेला ट्रक त्या चढावर मागे जाऊच शकत नव्हता. मागे जायचं तर मलाच, दोनशे पावलं, वळणावरून, उतारावरून, आणि साकवावरून. उलट.

म्हशीच्या जागी ट्रक. बाकी सगळं जसंच्या तसं.

मी गाडी उलट घातली. पडद्यावर घारीची नजर यायला हवी होती. पडदा पूर्ण लाल. मागचा कॅमेरा चिखलाने बंद झालेला. गाडी दोन्ही बाजूंच्या गडग्यांना घाबरून चारी दिशांनी किंचाळायला लागली. मी ते किंचाळणं बंद केलं, काच खाली घेतली आणि अर्धं अंग बाहेर काढून मागे बघितलं. गाडी शिकवणारा तो तरुण मास्तर रोज ओरडायचा, "बाई, मान वळवा, मान!" वळवली. सदुसष्ट वर्षांची मान कडकड वाजली, पण वळली.

शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. भावजींनी हात जोडले होते. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, वयनीचा पाठला चाक सरळ ठेव रे म्हाराजा..."

मागच्या सीटवरून, "व्हय म्हाराजा!"

"करवंदीची जाळी बाजूक कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

जाळी बाजूला झाली नाही. डाव्या दारावरून एक लांब करकर गेली. मी थांबले नाही. वळण मागे पडलं. उतार. आता साकव. एका बाजूला चाक आणि सिमेंटची कड यांत वीतभर अंतर, खाली पाणी. त्या व्हाळात मला ती दिसली, गॉगलवाली, डोक्यावर सॅण्डल धरलेली. बघत होती माझ्याकडे, सुटू का म्हणून.

"देवा म्हाराजा, आता साकव इलो रे म्हाराजा..."

या वेळी समोरून, हळूहळू माझ्यामागोमाग उतरणाऱ्या ट्रकमधूनही आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

पाय ब्रेकवर, चाक इकडे बोटभर, तिकडे बोटभर. सिमेंटचा आवाज टायरखाली आला आणि गेला. मग माती. मग तेच पाणी, मग चढ, आणि शेवटी आंब्याच्या सावलीत गाडीचं मागचं टोक शिरलं. मी गाडी बाजूला घेतली. ट्रक शेजारून गेला. ट्रकवाल्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आजये, माझ्या ट्रकार येतंस काय?"

मग भावजींनी पट्टा काढला, हात वर करून हलवून बघितला, जणू बसलाय तो त्यांचाच हात. "बसलो," ते म्हणाले. "वयनी, हात बसलो."

पुन्हा पाणंदीत घातली. आता साकव कधी गेला कळलंच नाही. घराच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा जाऊबाई पायरीवर उभ्या होत्या. त्याच, "तुमका खरांच येता?" वाल्या. त्यांनी गाडी बघितली, चाकावर मला बघितलं, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "वयनी, सॅण्डल खंय?"

रात्री बांगड्याचं तिखलं आणि गरम भात. सगळ्यांनी आपापल्या वाटणीचं हसून घेतलं. मीही हसले, सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर गाडी. धुतलेली नव्हती. माकडाचं तेल, मालवणची वाळू, व्हाळाचा चिखल, सगळं अंगावर. भावजींनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बारा गावच्या, बारा येशीच्या देवाला हाक मारली, नव्या गाडीची हकीकत सांगितली. मग आवाज चढवून म्हणाले, "आनी माझ्या बापाशीन ह्या सुनेच्या नावान जा गाऱ्हाना घातला होता, ता आज पुरा झाला रे म्हाराजा. तिचो हात बसलो. आता फुडे ती खंय जायत थंय तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणाले सगळे. सगळ्यांत मोठा आवाज पुन्हा माझाच होता. या वेळी एकही शब्द गाळायचा नव्हता. तात्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. माहेरीही कळवेन म्हणते, पण तिथे आता त्यांना ओळखणारी मीच उरले आहे.

निघताना भावजींनी मागच्या सीटवर उकड्या तांदळाची एक गोण ठेवली. डिकी माशांच्या वासाने आधीच भरली होती. मुलाचा फोन आला, दारावरचा ओरखडा पुढच्या आठवड्यात काढून देतो म्हणाला. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. मालकीच्या पहिल्या पंधरवड्याचा माझा एकंदर अभिप्राय विचाराल तर असा: गाडी उत्तम, कॅमेऱ्यावर विसंबू नये, पाठ चेपण्याचं बटण नवऱ्यापासून लांब ठेवावं, आणि ओरखडा पाणंदीतूनच घ्यावा, दुकानात तसा मिळत नाही.

आंब्याखालून जाताना मी थांबले नाही. हे माझ्या शेजारी, चपला आता पायांत. गालिच्याचं काय ते होऊन गेलं होतं. म्हणाले, "चाळीस वर्षं मला फसवलंस."

"तुम्हाला कुठे? तुम्ही आपले मध्ये सापडलात."

महामार्गाला लागलो आणि गाडी टुंग टुंग करायला लागली. हे आपला पट्टा चाचपू लागले. लावलेला होता. माझाही. मग पडद्यावर दिसलं, मागच्या सीटवर कोणीतरी पट्टा न लावता बसलंय असं गाडीला वाटत होतं. तांदळाची गोण.

गाडी बाजूला घेतली, उतरले, मागे गेले आणि गोणीला पट्टा लावला. गोण जरा तिरकी होती, ताठ बसवली. व्हाळात बसलेली तीही अशीच ताठ होती. मी म्हटलं, "बस गं बाई गप्प. घाट आहे पुढे. तुझ्या सॅण्डल भिजू देत नाही."

"कोणाशी बोलतेस?" ह्यांनी विचारलं.

"तांदळाशी," मी म्हटलं, आणि आंबोलीचा चढ धरला.